कळसूबाई झाली, आता बेन नेव्हिस करायचाय?

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, उंची १३४५ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून हा सोपा असं धरून चालू नका. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे. बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस या दरीतली वाट मात्र जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघते. अख्खा चढ पायांनीच चढायचा. जाऊन-येऊन सुमारे १७ किलोमीटर, सात ते नऊ तास धरा.

खरी परीक्षा माथ्यावर. तो सपाट, दगडधोंड्यांचा आहे आणि बहुतेक दिवस ढगात असतो. उत्तरेला सरळ कातळकडे. धुक्यात वाट दिसेनाशी झाली की माणसं त्या कड्यांकडे भरकटतात. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच, फक्त मोबाइलवर विसंबू नका. धुक्यात उतरताना माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापासून नकाशाच्या उत्तरेनुसार २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर चालायचं. हे आकडे पाठ करा, पण होकायंत्र वापरायचा सराव आधी घरीच करा.

वसंतातही वर बर्फ असतो, तेव्हा पहिल्या खेपेला जून ते सप्टेंबरच निवडा. तेव्हाही लोकरी टोपी, हातमोजे, जलरोधक जॅकेट आणि पँट सॅकमध्ये हवीच. सह्याद्रीत भिजत चालण्याची आपली सवय इथे घातक ठरते. थंड वाऱ्यात ओलं अंग फार पटकन गारठतं.

वर १८८३ ते १९०४ चाललेल्या हवामान वेधशाळेचे अवशेष आहेत, ते जरूर पाहा.