उत्तर मुंबईची खासदारकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : कृष्ण मेनन केरळचे. आपल्या उपनगरांनी त्यांना दोनदा दिल्लीला पाठवलं आणि मग एकदम नाकारलं, असं का?

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. तरीही मेनन यांनी काँग्रेसच्या तिकिटावर समाजवादी पीटर अल्वारिस यांना हरवलं. १९६२ साली समोर आचार्य कृपलानी होते, तर मेनन यांच्या प्रचारात दिलीपकुमार. पण माझ्या मते खरं काम केलं ते तारखांनी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा मेनन संरक्षणमंत्री होते आणि मतदान झालं फेब्रुवारीत. कृपलानींचा दणदणीत पराभव झाला. त्याच ऑक्टोबरात चीनने आक्रमण केलं आणि नोव्हेंबरात मेनन यांचं मंत्रिपद गेलं.

१९६७ साली काँग्रेसने तिकीट नाकारलं. 'बाहेरचा माणूस' हा मुद्दा तेव्हा पेटला होता, वर्षभरापूर्वीच शिवसेना स्थापन झाली होती. मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लवकरच वारले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले, तर या वेळी बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी त्यांना हरवलं. एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात, भाऊ-बहिणीकडून पराभव!

प्रश्न : मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' का म्हणायचे?

गोरेगाव-मालाडमध्ये चाळी आणि वस्त्या वाढत गेल्या, नळ मात्र कोरडेच राहिले. मृणालताई बायकांना घेऊन महापालिकेच्या कचेरीवर जायच्या. हातात निवेदनाऐवजी रिकामे हंडे. बायका ते बडवायला लागल्या की आतल्या साहेबाला फोनवरचंही ऐकू येईनासं व्हायचं. महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्याही याच बायका. म्हणून आणीबाणीनंतर, १९७७ साली, उत्तर मुंबईत त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. त्या जिंकल्या आणि तिकडे इंदिरा गांधी हरल्या; 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा त्याच निवडणुकीची. उपनगरातल्या नळाचं भांडण थेट संसदेपर्यंत नेणारा इतका नेमका निकाल मला दुसरा आठवत नाही.

प्रश्न : पाच वेळा निवडून आलेले भाजपचे राम नाईक काँग्रेसच्या गोविंदाकडून कसे हरले?

नाईकांचं राजकारण फलाटावर घडलं. १९६४ साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला, पुढे तीनदा बोरिवलीचे आमदार झाले आणि १९८९ ते १९९९ सलग पाच लोकसभा जिंकले. २००४ साली ते पेट्रोलियममंत्री म्हणून मतं मागत होते. निव्वळ सिनेमाच्या ग्लॅमरने ते पडले असं म्हणणं मला अपुरं वाटतं. तेव्हा वसई-विरारही याच मतदारसंघात होतं आणि गोविंदा विरारचाच. फरक सुमारे ४८ हजारांचा होता.

पुढच्या फेररचनेत वसई-विरार पालघरला जोडलं गेलं. तरीही २००९ साली नाईक पुन्हा हरले, या वेळी संजय निरुपम यांच्याकडून, जेमतेम पावणेसहा हजारांनी. मनसेच्या उमेदवाराने जवळपास दीड लाख मतं घेतली होती. मराठी मतं फुटली नसती तर निकाल वेगळा लागला असता, यात मला शंका नाही.

प्रश्न : आता ही भाजपची हक्काची जागा झाली का?

आकडे तरी तसंच सांगतात. गोपाळ शेट्टी २०१४ आणि २०१९ अशा दोन्ही वेळा साडेचार लाखांच्या आसपास फरकाने जिंकले, दुसऱ्या वेळी ऊर्मिला मातोंडकर यांच्याविरुद्ध. २०२४ साली पीयूष गोयल यांचा फरक साडेतीन लाखांवर होता. याच मतदारसंघातल्या मालाड पश्चिमची आमदारकी मात्र २००९ पासून काँग्रेसच्या अस्लम शेख यांच्याकडेच आहे. खासदारकीच्या आकड्यांत ती बाजू बुडून जाते.

आणि 'बाहेरचा' हा शब्द अजून जिवंत आहे. २०२४ च्या विधानसभेला बोरिवलीत पक्षाने पुन्हा बाहेरचा उमेदवार दिला, म्हणून शेट्टींनी स्वतः अपक्ष अर्ज भरला होता. मुदत संपता संपता त्यांनी तो मागे घेतला.