सेवा केली, आता हेच शिकावं का?

प्रश्न : मी मूळची नाशिकची, आता न्यू जर्सीत राहते. मानसशास्त्रात एम.ए. करून मुंबईत सहा वर्षं एचआरमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. त्यांचं सगळं मीच करते, अगदी सदऱ्याची बटणं लावण्यापर्यंत. त्यांच्या थेरपीच्या निमित्ताने 'क्लिनिकल रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग', म्हणजे अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा कामाला आणि आयुष्याला लागायला मदत करणारं समुपदेशन, हे नाव कानावर आलं. यंदा ग्रीन कार्ड मिळालं. वय ४१. यात मास्टर्स करावं, की सरळ मेंटल हेल्थ काउन्सेलिंगला जावं? घरच्या सेवेचा अनुभव धरतील का? आणि माझं मराठी वळणाचं इंग्रजी आड येईल का?

उत्तर : वयाची काळजी आधी सोडा. मी या वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा ३८ वर्षांची होते आणि माझ्या बाकावर पन्नाशीतले एक निवृत्त सैनिक बसायचे.

सेवेच्या अनुभवाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलते. प्रवेश अर्जात तो जरूर लिहा, त्याला किंमत आहे. पण हे शिक्षण त्या अनुभवातली एक सवय तुमच्याकडून सोडवून घेतं. मला ती सोडायला वर्ष लागलं. प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे शिकता शिकता देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष कामात, अशिलाच्या (समुपदेशनासाठी आलेल्या माणसाच्या) परवानगीने आमची सत्रं रेकॉर्ड व्हायची आणि नंतर सुपरवायझर बाई ती आमच्यासोबत पाहायच्या. माझ्यासमोर होता बेकरीतला एक कामगार. यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. एक फॉर्म भरायचा होता. त्याने डाव्या हातात पेन घेतलं, ते घसरलं, त्याने पुन्हा उचललं. मी हसून म्हटलं, "द्या, मी भरते." मला वाटलं, किती छान वागले! बाईंनी टेप तिथेच थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. मग एवढंच विचारलं, "पेन त्याच्या हातात होतं ना?" पेन सुटल्यावर तो खुर्चीत कसा मागे सरकला, ते मला टेपवर दिसलं. समोर बसून दिसलं नव्हतं.

ही नुसती वागण्याची रीत नाही, कायद्यातही तेच आहे. अमेरिकेच्या १९७३ च्या रिहॅबिलिटेशन कायद्याने चालणाऱ्या राज्यांच्या पुनर्वसन कचेऱ्यांत अशिलाची नोकरीची योजना त्याच्यासोबत बसून ठरते आणि त्यावर त्याचीही सही लागते. तो पात्र ठरल्यापासून ९० दिवसांत ती तयार व्हावी लागते. कोणतं काम, कोणतं प्रशिक्षण, कोणाकडून, हे त्याने समजून-उमजून निवडायचं. आपण माहिती पुढे ठेवायची. आपल्याला न पटणारी निवड झाली तरी धीर धरायचा.

आता दोन वाटांमधला फरक. अभ्यासाचा पाया एकच असतो : समुपदेशनाची तंत्रं, मानसिक आजारांचं निदान, गटकार्य, नीतिनियम. केकरेपची (समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता असलेला क्लिनिकल रिहॅबिलिटेशनचा अभ्यासक्रम ६० क्रेडिटचा असतो, मेंटल हेल्थचाही तेवढाच. रिहॅबमध्ये वर भर पडते ती अपंगत्वाच्या वैद्यकीय बाजूची, सहायक साधनांची, कामाच्या मूल्यमापनाची. पाठीच्या कण्याची इजा झालेला माणूस किती तास बसू शकेल, स्किझोफ्रेनियाचं औषध सकाळच्या पाळीत कसं झोपवतं, मालकाकडे कोणती सवलत मागता येते, हे सगळं शिकावं लागतं. तुमची एचआरची सहा वर्षं इथे कामी येतील. मालक मनात काय हिशेब करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्यातल्या बहुतेकांना ते नोकरी लागल्यावर कळतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तुम्ही रिहॅबच घ्या. ६० क्रेडिट असले की मेंटल हेल्थच्या परवान्याची वाटही साधारणपणे खुली राहते. न्यू जर्सीत व्यावसायिक समुपदेशकाचा आणि रिहॅबिलिटेशन समुपदेशकाचा असे दोन वेगळे परवाने आहेत. प्रवेश घेण्याआधी दोन्हींचे नियम अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. शिवाय सीआरसी (सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन काउन्सेलर) हे देशपातळीवरचं प्रमाणपत्र आहे, त्याची परीक्षा द्याच.

जुन्या माहितीपत्रकांत 'कोअर' या संस्थेची मान्यता दिसली तर गोंधळू नका, २०१७ मध्ये ती केकरेपमध्ये विलीन झाली.

पैशांचं. ग्रीन कार्ड आलं हे फार बरं झालं, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारची रिहॅबिलिटेशन शिष्यवृत्ती नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. ती सगळ्या विद्यापीठांत नसते, विचारावी लागते. घेतलीत तर एका वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षं राज्याच्या पुनर्वसन कचेरीत किंवा तिच्याशी जोडलेल्या संस्थेत काम करावं लागतं, नाहीतर रक्कम परत करायची. मी घेतली होती, मला ते बंधन कधी जाचलं नाही.

विद्यापीठाच्या नावापेक्षा इंटर्नशिप कुठे मिळते ते विचारा. प्रॅक्टिकम किमान १०० तासांचं, इंटर्नशिप ६०० तासांची, त्यातले २४० प्रत्यक्ष अशिलांसोबत. सासऱ्यांना सांभाळून हे तास कसे बसवणार, याचा हिशेब घरात सगळ्यांसमोर आत्ताच मांडा. अर्धवेळ केलंत तर चार वर्षं धरा.

इंग्रजी आड येणार नाही. अशील आमच्या उच्चारांना सरावतात, आपण ऐकतो की नाही एवढं ते पाहतात. उलट मराठीचा उपयोग होईल. आपल्याकडची एक आजी दुभाष्यामार्फत 'डिप्रेशन नाही' असं सांगत होती. मी मराठीत बोलायला बसले तेव्हा म्हणाली, "जीव कशातच रमत नाही गं." आणि अपघातानंतर मुलगा कामावर जायचं म्हणतो तेव्हा आई-बाप म्हणतात, "आम्ही आहोत ना, तुला काय गरज?" त्या वाक्यातली माया आणि त्याने पोराचं होणारं नुकसान, दोन्ही तुम्हाला एकदम कळेल. वर्गात हे कोणी शिकवू शकत नाही.

प्रवेशाच्या तारखा विद्यापीठागणिक वेगळ्या असतात, तोवर आपल्या भागातल्या राज्य पुनर्वसन कचेरीत जाऊन एखाद्या समुपदेशकाशी अर्धा तास बोलून या. आणि एक विचारायचं राहिलं. सदऱ्याची बटणं सासरे डाव्या हाताने स्वतः लावू पाहतात का? पुढच्या पत्रात तेवढं नक्की कळवा.