इंग्लंडमधल्या 'इन्क्लुझिव्ह' अँग्लिकन चर्चमध्ये वर्षभर नेमकं काय चालतं? ख्रिस्ती नसलेल्यांनी मदतीला गेलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आलात, घराजवळच्या चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चवर 'इन्क्लुझिव्ह चर्च' अशी पाटी आहे, शेजारच्या आजी मदतीला बोलावताहेत, आणि तुम्ही हिंदू आहात.

चालतं. तुम्हाला तिथे मतसुद्धा देता येतं, पण ते पुढे सांगतो. आधी पाटीचं.

चर्च ऑफ इंग्लंडमधली सगळी चर्चेस एका विचाराची नसतात. २००३ साली जेफ्री जॉन या समलिंगी धर्मगुरूंची रेडिंगचे बिशप म्हणून निवड झाली आणि विरोधामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर त्याच वर्षी लंडनच्या पटनीमधल्या सेंट मेरी चर्चमधून 'इन्क्लुझिव्ह चर्च' ही चळवळ सुरू झाली. पॅरिशची (म्हणजे एका चर्चकडे सोपवलेल्या भागाची) निवडून आलेली समिती, म्हणजे पीसीसी, ठराव करून या चळवळीत सामील होते. लिंग, वंश, लैंगिकता, अपंगत्व, मानसिक आजार, गरिबी यांपैकी कशावरूनही भेदभाव करणार नाही, असा तो ठराव. मात्र पाटी आहे म्हणून तिथे दोन पुरुषांचं लग्न लागेल असं समजू नका. समलिंगी विवाहाच्या २०१३ च्या कायद्यानेच चर्च ऑफ इंग्लंडला ते करता येत नाही. डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यासाठी प्रार्थना करता येतात, एवढंच. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा १९९४ पासून मिळते, तरी 'आम्हाला पुरुषच पाळक हवा' असा ठराव करणारी पॅरिशेस आजही आहेत. पाटीवाल्या चर्चमध्ये तो ठराव नसतो.

आता वर्ष. तिथे दोन वर्षं एकाच वेळी चालू असतात. एक उपासनेचं, ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होणारं. दुसरं कागदपत्रांचं, जानेवारी ते डिसेंबर. पाळकाला इथे बहुधा व्हिकर म्हणतात, आणि व्हिकर दमलेला दिसला तर कारण बहुतेक वेळा दुसरं वर्ष असतं.

पहिल्याची सुरुवात अॅडव्हेंटने, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाने. वेदीवरचं कापड जांभळं होतं, गोल हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या दर रविवारी एक अशा पेटतात, मधली पांढरी नाताळला. याच दिवसांत ख्रिस्टिंगल असतो, आणि नव्या माणसाच्या गळ्यात पहिलं काम तेच पडतं. एक संत्रं, भोवती लाल फीत, वर मेणबत्ती, चार काड्यांवर सुकामेवा नाहीतर गोळ्या. मूळ मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींचं, १७४७ चं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९६८ साली द चिल्ड्रन्स सोसायटी या मुलांसाठीच्या संस्थेच्या निधीसाठी आलं. करायला सोपं दिसतं, पण शंभर करायची असली की चुका कळतात. संत्रं घट्ट सालीचं घ्या. लाल रिबिनीपेक्षा लाल चिकटपट्टी बरी, कारण रिबीन टाचणीने लावावी लागते आणि टाचणी लहान मुलाच्या हाताला लागते. वर सुरीने छोटी फुली मारा, तिच्यावर सात-आठ सेंटिमीटरचा फॉइलचा चौकोन ठेवा आणि मग मेणबत्ती खोचा. फॉइल विसरलात तर गरम मेण थेट बोटांवर येतं. खोल भोक पाडलंत तर रस गळतो आणि अर्ध्या तासात मेणबत्ती कलते. केस मोकळे असलेल्या मुलींसाठी रबरबँड जवळ ठेवा, आणि हाताशी पाण्याची बादली.

आणि गोळ्या. बाजारातल्या पुष्कळ मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, म्हणजे डुकराचं किंवा गाईचं. शेजारची शाळा आली की त्यात मुसलमान, यहुदी, हिंदू, शाकाहारी सगळी मुलं असतात. शेंगदाणे अॅलर्जीमुळे बाद. उरतात बेदाणे. सर्वसमावेशकता म्हणजे काय हे पीसीसीच्या ठरावापेक्षा या बेदाण्यांवरून लवकर समजतं, असं माझं मत. ठराव एका संध्याकाळी मंजूर होतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं मात्र दर डिसेंबरला कुणीतरी वाचावी लागतात.

नाताळबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. २४ तारखेला दुपारी मुलांची गोठ्याची उपासना, रात्री साडेअकराच्या सुमारास मध्यरात्रीची. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी दुपारच्या उपासनेला होते आणि ढकलगाड्या ठेवायला जागा नसते. ६ जानेवारीला एपिफनी, पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटायला आले त्याचा सण. काही ठिकाणी खडूने दारावर साल आणि तीन अक्षरं लिहितात. २ फेब्रुवारीला कँडलमास, बाळ येशूला मंदिरात नेल्याचा, मेणबत्त्यांचा सण. मग सगळं थोडं शांत होतं.

लेंट, म्हणजे आपल्याकडचे ख्रिस्ती ज्याला उपवासकाळ म्हणतात तो, राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळावर राखेने क्रॉस काढतात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेले झावळीचे क्रॉस लोक परत आणून देतात, तेच जाळून ही राख करतात. क्रॉस कोरडे करून घ्या आणि बाहेर अंगणात, पत्र्याच्या डब्यात जाळा. आत जाळलेत तर धुराचा अलार्म वाजतो. ढीगभर जाळले तरी चमचा-दोन चमचेच राख हाती लागते. ती कुटून चाळायची आणि कालवायची असेल तर तेलाच्या थेंबात, पाण्यात अजिबात नाही. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो आणि कपाळाची कातडी भाजते. दरवर्षी कुठेतरी कुणीतरी ही चूक करतंच.

लेंटचा चौथा रविवार मदरिंग संडे, इथला मातृदिन. मुलं डॅफोडिलच्या जुड्या आयांना वाटतात. इथे कुणालाही मुद्दाम न दुखवता भरपूर लोकांना दुखवता येतं: मूल गेलेली बाई, मूल न झालेली, आईशी वर्षानुवर्षं बोलणं नसलेला मुलगा, दोन बाबा असलेलं पोर. 'सगळ्या आयांनी उभं राहा' हे वाक्य म्हणूनच टाळतात. जुडी प्रत्येकाला देतात, किंवा दाराशी टोपलीत ठेवून 'हवी त्याने घ्या' म्हणतात, आणि बाजूला गाजावाजा न करता मेणबत्ती लावायची जागा ठेवतात. नेहमीच्या हजेरीपेक्षा पाव पट जास्त जुड्या बांधा. फुलं कळीतच घ्या, रात्रभर थंड खोलीत बादलीत ठेवा, आणि त्या पाण्यात दुसरी फुलं घालू नका. डॅफोडिलच्या चिकाने ती कोमेजतात.

त्यानंतर पवित्र आठवडा, आणि कष्टाचा कळस. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक. गुरुवारी पाय धुण्याचा विधी: येशूने शिष्यांचे धुतले तसे पाळक बारा जणांचे धुतात, बहुधा एकच पाय. लोकांना आदल्या रविवारीच सांगा, नाहीतर टाइट्स घालून आलेल्या बायका अवघडतात. पाणी थर्मासमध्ये आणा, कारण कपडे बदलायच्या खोलीत गरम नळ असेलच असं नाही, आणि आधी भरून ठेवलेला जग वेळ येईपर्यंत गार पडतो. ज्यांना पाय पुढे करणं नको वाटतं त्यांचे हात धुतात. तेही सगळ्यांसमोर न विचारता आधीच ठरवलेलं बरं. शुक्रवारी वेदी उघडी, घंटा नाही.

शनिवारी अंधार पडल्यावर किंवा रविवारी पहाटे ईस्टरचा जागर. बाहेर शेगडीत आग, तिच्यावरून मोठी मेणबत्ती, मग सगळ्यांच्या हातातल्या छोट्या. एवढं लक्षात ठेवा: पेटती मेणबत्ती सरळ, विझलेली तिरकी. उलटं केलंत तर मेण पुढच्याच्या कोटावर. ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये फिरते. २०२७ साली ती २८ मार्चला आहे, आणि त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. पहाटेची उपासना ठेवणाऱ्यांनी आत्ताच वहीत लिहून ठेवावं.

आता मतदानाचं. ३१ मेच्या आत दर पॅरिशला दोन सभा, बहुधा लागोपाठ, घ्याव्या लागतात आणि त्यांची नोटीस त्याआधीचे निदान दोन रविवार दारावर लागलेली असते. पहिली पॅरिशमधल्या रहिवाशांची, दोन चर्चवॉर्डन, म्हणजे व्हिकरच्या जोडीने चर्चचा कारभार पाहणारे, निवडण्यासाठी. तिथे चर्चच्या मतदारयादीतले लोक तर मत देतातच, पण पॅरिशच्या हद्दीत राहणारा आणि स्थानिक निवडणुकीच्या यादीत नाव असलेला कुणीही देऊ शकतो. धर्माची अट नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक त्या यादीत नाव घालू शकतो. म्हणजे तुम्ही. उमेदवार मात्र होता येत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा आणि चर्चच्या यादीतलं नाव लागतं. दुसरी सभा पीसीसी निवडण्याची आणि हिशेबाची. तिथे मत फक्त चर्चच्या यादीतल्यांना. तुमच्या ओळखीत नगर-नाशिककडचं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं कुटुंब असेल तर त्यांना सांगा: ते चर्च, १९७० साली नागपूरला स्थापन झालेलं, अँग्लिकन परिवारातलंच आहे. पॅरिशमध्ये राहत असतील तर १६ वर्षांवरच्या बाप्तिस्मा झालेल्यांना अर्ज भरून यादीत येता येतं.

याच सुमाराला, ३० एप्रिलला, चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात एक नाव येतं: पंडिता मेरी रमाबाई. होय, आपल्याच. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता. मधल्या वारी येणारं छोटं स्मरण असतं, बऱ्याच ठिकाणी लक्षातही येत नाही. तुम्ही व्हिकरला आठवण करून दिलीत तर आनंदाने प्रार्थनेत घेतील, आणि 'पंडिता'चा उच्चारही विचारतील.

पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, वेदीवर लाल कापड, मग बरेच महिने हिरवं. उन्हाळ्यात जत्रा, म्हणजे केक, जुनी पुस्तकं आणि पाऊस. केकवर घटकांची चिठ्ठी हवी, बिनअंड्याचा वेगळ्या ताटात आणि वेगळ्या सुरीने. चहाची मोठी अर्न (पाणी उकळायचं विजेचं भांडं) उकळायला पाऊण तास सहज जातो, म्हणून बटण उपासनेआधी दाबायचं. जवळच्या शहरात प्राइड, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांची मिरवणूक, असेल तर पाटीवाली चर्चेस बॅनर घेऊन जातात. ऑगस्टमध्ये निम्मं गाव सुट्टीवर.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हार्वेस्ट, सुगीचा सण. पूर्वी भोपळे आणि कणसं यायची, आता बहुतेक फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रासाठी, डबे. आधी फूड बँकेला विचारा काय कमी आहे. पास्ता आणि बीन्स त्यांच्याकडे बहुधा पडून असतात, दूध आणि डब्यातलं मांस-मासे संपलेले. मुदत संपलेले डबे दरवर्षी येतात, ते बाजूला काढणं हे पूर्ण एका माणसाचं काम. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स: वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, आपल्या पितृपक्षाशी नातं सांगणारा दिवस. यादीत नाव कुणालाही लिहिता येतं. तुमच्या घरच्या कुणाचं लिहिलंत तर रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे फोड करून लिहा आणि वाचणाऱ्याला आधी एकदा म्हणून दाखवा. पुढे नोव्हेंबरचा दुसरा रविवार, युद्धात पडलेल्यांचा. दोन मिनिटांचं मौन बरोबर ११ वाजता व्हायला हवं, म्हणून उपासना दहा-पंधरा मिनिटं आधी सुरू करतात.

पाटी खरी की नुसती रंगवलेली, हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. अपंगांसाठीच्या संडासात जा आणि मदतीला बोलावण्यासाठी ओढायची लाल दोरी पाहा. ती जमिनीपर्यंत लोंबत असायला हवी, कारण ती लागते फरशीवर पडलेल्या माणसाला. पुष्कळ ठिकाणी फरशी पुसताना अडते म्हणून ती वर गुंडाळून ठेवलेली दिसते. सोडवून खाली सोडा, आणि चर्चवॉर्डनला सांगा. दुसरं, माइक. 'माझा आवाज मोठा आहे, माइक नको' असं कुणी म्हणालं की कानातल्या यंत्राने लूपवरून (माइकचा आवाज थेट त्या यंत्रात पोचवणाऱ्या तारेवरून) ऐकणाऱ्यांपर्यंत एक अक्षर पोचत नाही. तिसरं, व्हीलचेअरची जागा. ती सगळ्यात मागे, खांबाआड असेल तर कुणीतरी अजून एक बाक हलवायचा कंटाळा केलाय. अर्थात जुन्या इमारतीत बाक कायमचा काढायला परवानगी लागते, आणि तिला महिने लागतात, हेही खरं.

तुमच्यासाठी काम: चहा, डबे, ख्रिस्टिंगल, फुलं यांना धर्म आडवा येत नाही. मुलांच्या वर्गात मदत करायची असेल तर आधी डीबीएस तपासणी (म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) आणि प्रशिक्षण, त्यात ओळखपाळख चालत नाही; राग मानू नका. दानपेटीतले पैसे मोजायला नेहमी दोन माणसं बसतात, तोही अविश्वास नव्हे.

पहिल्यांदा जायचं तर नाताळ नको, गर्दीत कुणी भेटणार नाही. जानेवारीतला साधा रविवार पकडा. पुस्तिका हातात देतील, इतर उभे राहतील तेव्हा उभे राहा, नाही राहिलात तरी कुणी बघत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी चालतं. पुढे गेलात तर हात छातीवर दुमडून ठेवा. मग भाकरी-द्राक्षारस न देता आशीर्वाद देतात. दानाची थाळी आली तर शेजाऱ्याकडे सरकवा. बरेच जण बँकेतून महिन्याचे पैसे भरत असल्याने तेही रिकामीच पुढे देतात.