नाताळ तोंडावर आला आणि पोर ऐकेनासं झालं

"मॅडम, घरी पाहुणे येणारेत आणि हा कुणाकडे जात नाही, कुणी गालाला हात लावला तरी किंचाळतो, सासूबाई म्हणतात आईनेच लाडावून ठेवलाय. नाताळपर्यंत थोडा सरळ होईल का हो?"

मी पालकांना मुलांच्या वागण्याबद्दल सल्ला देते, आणि डिसेंबर लागला की वसई भागातून मला असे फोन हमखास येतात. शब्द थोडेफार इकडेतिकडे, पण सूर तोच, की पोराला दुरुस्त करून द्या आणि 24 तारखेच्या आत द्या. म्हणून त्यातली एक गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातली कॅथलिक आई, तिशीच्या आतली, मुलगा दोन वर्षांना एक महिना कमी. नवरा अंधेरीला कामाला, म्हणजे सकाळी सातची लोकल आणि घरी यायला रात्रीचे नऊ. घरात सासू-सासरे. मुलगा दिवाळीपर्यंत छान होता, नाताळच्या आधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार झाला आणि तिच्या भाषेत "याच्यात काहीतरी शिरलं". चावायला लागला, रात्री उठून रडायला लागला, दिवसभर आईच्या पायाला लटकलेला, आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी घरात मांडलेल्या गोठ्यातली खेळण्याएवढी मेंढरं उचलून तोंडात घालायची. एके दिवशी तिने त्याला फटका मारला आणि मग रात्रभर स्वतःच रडत बसली. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पर्सची चेन उघडझाप करत होती.

मी तिला हट्टाबद्दल काही विचारलं नाही, म्हटलं कालचा दिवस सांग, सकाळी डोळे उघडल्यापासून, याने काय खाल्लं, कुठे झोपला, कुणाकडे होता. तर काल सकाळी नाश्त्याला कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातले पिठाचे तळलेले गोड तुकडे, आणि चॉकलेट, कारण ताट समोरच होतं. दुपारची झोप नाही कारण भिंतींना रंग चाललेला आणि मिक्सर चालू, मग चार वाजता बाजारातून येताना रिक्षात जी काय डुलकी लागली तीच. करंज्या तळून होईस्तोवर हातात मोबाईल, दोन तास. रात्री झोपायला अकरा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 11 ते 14 तास झोप लागते, आणि या वयात दोन-दोन तास स्क्रीन तर नकोच. या बाळाची झोप जेमतेम नऊ तास भरत होती. आणि अजून एक, गोठा उभा केला तो कोपरा आधी त्याच्या खेळण्यांच्या टोपलीचा होता, टोपली माळ्यावर गेली. म्हणजे त्याच्या हिशोबाने त्याच्या जागेवर कुणीतरी नवीन मेंढरं आणून ठेवली आणि वर हात लावला तर ओरडतात!

दोन वर्षांच्या मुलाला "थांब, उद्या, पाहुणे गेल्यावर" यातलं काही कळत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, हा तर आत्ता कुठे दोन शब्द जोडतोय. अनोळखी माणसाला घाबरणं, आईपासून लांब गेलं की कासावीस होणं हे या वयात असतंच. त्यात झोप कमी, पोटात साखर, घर उलटंपालटं, मग तो रडणार नाही तर काय करणार.

पण खरं सांगू, मला बाळापेक्षा तिची काळजी वाटत होती. तिला म्हटलं नाताळपर्यंत तुला काय काय करायचंय ते लिही. दोन पानं भरली. पाच प्रकारचा फराळ, केक, मिल्क क्रीम आणि मार्झिपान या मिठाया, पडदे, तारा, गोठा, सगळ्यांचे कपडे, नणंदेच्या मुलांची गिफ्ट, शेजाऱ्यांना वाटायची ताटं, चर्चमधला रात्रीचा मिस्सा म्हणजे 24 च्या रात्रीची प्रार्थना, 25 चं जेवण. यातलं नवऱ्याकडे काय, तर लायटिंग आणि मटण. मी काही बोलले नाही, तिनेच कागदाकडे बघून हसून घेतलं.

पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं. बाई तावातावानेच आल्या, आम्ही नाही का पोरं वाढवली. मी म्हटलं तेच ऐकायचंय मला, तुमची पोरं लहान होती तेव्हा नाताळ कसा व्हायचा ते सांगा. मग त्या रंगल्या, जाऊ, नणंद, चुलत सासू, एकीकडे पीठ मळणं, एकीकडे तळण, पोरं सगळी वाडीत मोठ्या भावंडांच्या मागे, भूक लागली की येऊन कुणाच्याही मांडीवर. मी विचारलं चुलीपाशी किती जणी असायच्या? "चौघी तरी." आणि आता? तर म्हणाल्या आता माझे गुडघे धरतात, मी बसून कुलकुल वळते तेवढं. असं बोलताना त्यांनीच सुनेकडे बघितलं. चौघींचा फराळ, एकटी बाई, आणि पायाला लटकलेलं पोर, हा हिशोब मी मांडण्याआधीच त्यांना दिसला. लाडावलाय हा शब्द त्यानंतर माझ्यासमोर तरी आला नाही.

मग ठरवाठरवी. करंज्या आणि मार्झिपान गावातल्या बायकांकडून विकत, घरी फक्त कुलकुल आणि केक. कुलकुल वळताना बाळाला कणकेचा गोळा आणि कुलकुलवर रेघा उठवायला जुना कंगवा, गॅसपासून लांब, आजीजवळ. दुपारची झोप काहीही झालं तरी त्याच्या नेहमीच्या खोलीत, त्या वेळी मिक्सर नाही, पाहुणे आले तर ओट्यावर बसतील. खेळण्यांची टोपली खाली आली, गोठ्याच्या बाजूलाच, आणि त्याला कापडी गाय-मेंढरं वेगळी दिली, खऱ्या गोठ्यातल्या मूर्ती वरच्या फळीवर. हे फक्त हट्टासाठी नाही बरं का, बारक्या मूर्ती घशात अडकतात. तसेच अख्खे काजू-शेंगदाणे या वयात देऊ नका. आणि म्युझिकवाली कार्डं, छोट्या एलईडी मेणबत्त्या यात बटणासारखे चपटे सेल असतात, ते मुलाने गिळले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. संशय जरी आला तरी सकाळपर्यंत वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

पाहुण्यांचं काम नवऱ्याकडे दिलं, त्याच्या बाजूचे नातेवाईक म्हणून. दारातच सांगायचं, आल्या आल्या उचलू नका, पापी मागू नका, थोडा वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करा, तो स्वतःच येईल. नाही आला तर टाटा केला तरी पुरे. आणि सांताक्लॉज! टेम्पोतून कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी म्हणणारी मंडळी, येते तेव्हा दाढीवाल्या मुखवट्याच्या मांडीवर रडणाऱ्या पोराला बसवून फोटो काढायची हौस कुणाला असते देव जाणे. वर "रडलास तर सांता गिफ्ट देणार नाही". दोन वर्षांच्या मुलाला त्यातलं गिफ्ट कळत नाही, धमकी कळते. सांताचा बागुलबुवा करायचा नाही हे मी घरातल्या सगळ्यांना निक्षून सांगितलं, आजोबांना दोनदा.

आरडाओरडा सुरू झालाच तर काय, हे तिने विचारलंच. लागेल असं काही जवळ असेल तर बाजूला करायचं, त्याच्या उंचीला खाली बसायचं, "राग आलाय तुला, मी इथेच आहे" एवढंच बोलायचं, लेक्चर नाही. जी वस्तू नाही म्हटलीय ती रडण्यामुळे द्यायची नाही, शांत झाला की पाणी आणि मांडी. निघायच्या आधी "पाच मिनिटांनी" म्हणून उपयोग नाही, "पाणी पिऊन झालं की चपला" असं म्हणायचं, ते त्याला समजतं.

अडलं ते रात्रीच्या मिस्सावर. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की बाळामुळे ती घरी राहील आणि 25 ला सकाळच्या मिस्साला जाईल. ती एकदम म्हणाली, लहानपणापासून मी रात्रीचा मिस्सा कधी चुकवला नव्हता, गेल्या वर्षीपासून नुसतं घरात बसून घंटा ऐकते. नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. मी त्यालाच विचारलं, तू सकाळी गेलास तर? सासूबाई लगेच, लोकं काय म्हणतील, बाई चर्चला आणि बाप्या घरात? तो बराच वेळ गप्प बसून म्हणाला, म्हणू देत.

ती गेली, नवीन साडी नेसून. बाप-लेक नऊलाच झोपले म्हणे. सगळं गोडगोड झालं असं नाही, 26 ला त्याने आतेभावाला कडकडून चावलं आणि नणंद दोन दिवस बोलली नाही.

ज्यांना हे वाचून आपलं पोर आठवलं त्यांच्यासाठी, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारली तर बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा आधी बोलत होता ते बंद झालं असेल तर ते सणाच्या गडबडीवर ढकलू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि आईचं स्वतःचं रडू दोन आठवडे झाले तरी थांबत नसेल, कशातच मन लागत नसेल तर तिच्यासाठीही मदत घ्या, सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीबेरात्री पण लागतो.