हॉलमध्ये सबवूफर (फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) लावलाय, पण सोफ्यावर नुसता घुमतो आणि मधोमध बसलं की गायब. सब बदलू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सांगलीत विश्रामबागला फ्लॅट, हॉल १५ बाय १२ फूट, एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकर्सना आवाज वाटून देणारा ॲम्प), पुढे दोन बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर आणि एक मधला सेंटर, नवा १० इंची, हवेचं भोक (पोर्ट) आणि आत स्वतःचा ॲम्प असलेला सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बास घुमतो, हॉलच्या मध्यावर खुर्ची टाकली तर ऐकूच येत नाही, आणि काही वाजत नसतानाही बारीक 'हं' चालू असतो.

सब बदलू नका. तो बहुतेक ठणठणीत आहे. घुमणं आणि गायब होणं हे खोलीचं काम आहे, 'हं'चं शेवटी बघू. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर, म्हणजे २८ फुटांची. तुमच्या हॉलची लांबी जेमतेम तिच्या निम्मी. त्यात विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि वर-खाली स्लॅब, त्यामुळे बास बाहेर निसटत नाही, आपटून परत येतो. १५ फुटांच्या लांबीत तो ३७-३८ हर्ट्झला, १२ फुटांच्या रुंदीत ४७ ला आणि उंची १० फूट धरली तर ५६ ला ठाण मांडतो. प्रत्येकाचा जोर भिंतीलगत सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी. तुमची सोफ्याची आणि खुर्चीची दोन्ही गाऱ्हाणी यात आली. मधला खड्डा इक्वलायझरने भरत नाही. कितीही बास ओता, फक्त सबच्या ॲम्पवर ताण येतो.

म्हणून आधी जागा, नॉब नंतर. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, एवढ्यानंही घुमणं थोडं कमी होईल. मग सब उचलून सोफ्यावर, तुमचं डोकं येतं तिथे ठेवा आणि २० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) किंवा ज्यात बासचे सूर सलग चढ-उतार करतात असं गाणं लूपवर लावा. आता सब ठेवता येईल अशा प्रत्येक जागी गुडघ्यांवर रांगत जा, कान जमिनीपासून फूटभरावर. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, एखादाच सूर अंगावर येत नाही, तिथे खडूनं खूण करा. सर्वांत मोठा आवाज येणारी जागा निवडू नका, ती बहुतेक कोपराच निघते. समोरच्या भिंतीलगत पण कोपऱ्यापासून तीन-चार फूट सरकून अशी जागा बऱ्याचदा जमते. हे दुपारी करा. रात्री केलंत तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरच्या सब प्री-आउटमधून (मागचं सबसाठीचं आउटपुट) एकच आरसीए केबल, चांगल्या शिल्डिंगची, सबच्या एलएफई (सिनेमातला खास बास) इनपुटला. तसं वेगळं इनपुट नसेल तर डाव्या किंवा उजव्या कोणत्याही एकात चालते. केबल ४-५ मीटर लांब असली तरी बिघडत नाही, फक्त पॉवरच्या वायरला चिकटवून समांतर नेऊ नका. सबवरचा क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) नॉब पूर्ण वर किंवा एलएफईवर ठेवा. तो ८० वर आणि रिसीव्हरही ८० वर असेल तर दोनदा गाळणी लागते आणि नेमका तिथलाच भाग पोकळ होतो. व्हॉल्यूम घड्याळाच्या ११ च्या काट्यावर, फेज (सबची लाट स्पीकर्सच्या लाटेशी जुळवणारा स्विच) शून्यावर.

मग रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे माईकने आवाज मोजून तो स्वतःच सगळं जुळवतो. पंखा आणि मिक्सर बंद, माईक कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. झाल्यावर आकडे तपासाच, कारण रिसीव्हर कधीकधी बुकशेल्फना 'लार्ज' ठरवतो, म्हणजे खालचा बासही त्यांच्याकडेच पाठवतो. ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा. वूफर चार इंची असेल तर १००. 'एलएफई प्लस मेन' किंवा 'डबल बास' असा पर्याय बंद. एलएफईचा लो-पास १२० वरच राहू द्या. सबची लेव्हल उणे १२ दिसली तर सबवरचा नॉब जास्त आहे. कमी करून परत कॅलिब्रेशन करा, आकडा शून्याच्या जरा खाली यायला हवा. अंतर मात्र टेपने मोजून दुरुस्त करू नका. सब प्रत्यक्षात ९ फुटांवर असून रिसीव्हर १५ दाखवील, ते बरोबर आहे, सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर त्यानं त्यात धरलेला असतो.

फेजसाठी ८० हर्ट्झचा टोन पुढच्या स्पीकर्सवर आणि सबवर एकत्र लावा, तुम्ही सोफ्यावर बसा आणि दुसऱ्याला शून्य-१८० बदलायला सांगा. जिथे आवाज मोठा, तिथे स्विच ठेवा. पण खरी परीक्षा तबल्यावर. डग्ग्याचा घिस्सा (तळहात घासून काढलेला सरकता सूर) खालून वर सरकताना क्रॉसओव्हरच्या पट्ट्यातून जातो. तो वाटेत कुठे पातळ झाला किंवा डग्गा एका कोपऱ्यात आणि चाट (दायाच्या काठाचा आवाज) दुसरीकडे असं वाटलं, तर सब आणि स्पीकर्सचा मेळ बसलेला नाही. रिसीव्हरमधलं सबचं अंतर फूट-फूट बदलून बघा. लेव्हलसाठी तानपुरा घ्या, मिरज शेजारी असताना दुसरं काय शोधायचं! काळी एकच्या तानपुऱ्यात जोड (मधल्या दोन तारा) १३९ हर्ट्झला, म्हणजे बुकशेल्फवर. खर्ज (शेवटची जाड तार) ६९ ला, म्हणजे त्याचा पाया सबवर. खर्ज जोडांना दाबत असेल तर सबचा आवाज उतरवा. बातम्या देणाऱ्या पुरुषाचा आवाज हंड्यातून आल्यासारखा झाला तरी तेच. सिनेमासाठी कॅलिब्रेशनच्या वर दोन-तीन डेसिबल वाढवायला हरकत नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा छातीत दणका मात्र १० इंची सबकडून मागू नका. तसा ओढलात की पोर्ट फुसफुसतो आणि कोन खडखडतो.

आता 'हं'. सब चालू ठेवून आरसीए केबल सबच्या टोकाला काढा. तरीही आवाज राहिला तर बहुतेक सबच्या ॲम्पमध्येच खोट आहे, वॉरंटीत द्या. थांबला तर ग्राउंड लूप, म्हणजे वेगवेगळ्या अर्थमुळे केबलवर फिरणारा करंट. केबल परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सची डिशकडून किंवा केबलवाल्याकडून येणारी कोॲक्स वायर काढून बघा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो, आणि त्या वायरीवर आयसोलेटर लावला की काम होतं. नाहीतर रिसीव्हर आणि सब एकाच बोर्डवर घ्या. वायरमन 'अर्थची पिन तोडून टाकू' म्हणेल. आवाज खरंच बंद होईल, पण उद्या आत वायर सुटली तर धातूच्या पॅनलवर करंट येईल. तोडू देऊ नका. त्यापेक्षा न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असतील तर वायरिंग आणि बिल्डिंगचं अर्थिंग तपासून घ्यावं लागेल.

सगळं जमल्यावर शोकेसच्या काचा, खिडकीचं स्लायडिंग आणि मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरू लागतील. तोच स्वीप हळू लावून एकेक शोधा आणि काचेखाली फेल्टचे तुकडे चिकटवा. सबखाली जाड रबराचे पाय घातले तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून खाली जाणारा आवाज थांबत नाही. रात्री १० नंतर रिसीव्हरचा नाईट मोड आणि सब पाच डेसिबल खाली, एवढंच हातात आहे. आवाज इतका कमी ठेवल्यावर सब मध्येच झोपी गेला तर मागचा 'ऑटो'चा स्विच 'ऑन'वर करा.