मेडिकल मालिका बघायला सुरुवात करताय?

'हाऊस' या, अवघड रोग ओळखणाऱ्या डॉक्टर हाऊसवरच्या अमेरिकी मालिकेपासून सुरुवात करताय ते उत्तम, पण आठही सीझन सलग बघू नका. साचा लगेच उघडा पडतो: आधी कुणीतरी कोसळतं, पहिलं निदान चुकतं, औषधाने पेशंट आणखी बिघडतो आणि शेवटी भलत्याच विषयावर बोलताना हाऊसला उत्तर सुचतं. रोग ओळखायच्या नादी लागू नका. मालिकेचा जीव हाऊस आणि त्याचा डॉक्टर मित्र विल्सन यांच्या मैत्रीत आहे, तिकडे लक्ष द्या. शिवाय एमआरआयपासून रक्ततपासणीपर्यंत सगळं हाऊसची डॉक्टरांची टीमच करते. खऱ्या हॉस्पिटलात त्यासाठी टेक्निशियन असतात, नर्स असतात. नर्सना असं पुसून टाकलेलं मला फार खटकतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मॉनिटरवर सरळ रेघ आली की पडद्यावर शॉक देतात. प्रत्यक्षात सरळ रेघेला शॉक देत नाहीत. छाती दाबत राहतात, अ‍ॅड्रेनॅलिन देतात. हृदय नुसतं थरथरत असेल, तेव्हा शॉक. १९९६ साली एका अमेरिकी अभ्यासात 'ईआर' या हॉस्पिटलवरच्या मालिकेसकट टीव्हीवरचे तीन कार्यक्रम तपासले, तर सीपीआर (म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती दाबणं वगैरे) दिलेले ७५ टक्के पेशंट तिथल्या तिथे वाचले होते! खरं प्रमाण याहून खूप कमी आहे. घरच्या कुणाला सीपीआर द्यायचा की नाही, हा निर्णय घ्यायची वेळ आली, तर पडद्यावरचं हे चित्र डोक्यातून काढा.

वास्तव हवं असेल तर २०२५ची 'द पिट' ही इमर्जन्सी विभागावरची मालिका बघा. एक भाग म्हणजे शिफ्टमधला एक तास, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच आणि वेटिंग रूम कायम तुडुंब.