ट्रॅक्टर विजापूरचा, सर्व्हिस जतला

प्रश्न : जत तालुक्यात माझी साडेचार एकर डाळिंबाची बाग आहे. गेल्या दिवाळीत २७ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. आमच्या जवळच्या शोरूमला गाडी नव्हती, महिनाभर थांबा म्हणाले. विजापूरला त्याच कंपनीच्या डीलरकडं गाडी उभी होती, शिवाय भावात बावीस हजारांचा फरक पडत होता. म्हणून ४ लाख ९० हजारांना तिथून आणला. पासिंग सांगलीचं, एमएच १० नंबर आहे. पहिल्या मोफत सर्व्हिसला जवळच्या डीलरकडं नेला तर ‘जिथनं घेतलाय तिथं न्या’ म्हणाले. विजापूरवाले म्हणतात, घेऊन या. म्हणजे अख्खा दिवस आणि वर डिझेल. या घोळात मीटरवर इंजिन चालल्याचे ९२ तास झाले. त्यात मागचं अवजार उचलणारी लिफ्टही बिघडली आहे. रोटर (रोटाव्हेटर) उचलून धरला की लिफ्टचे हात थरथरतात, आणि संध्याकाळी वर ठेवलेला रोटर सकाळी जमिनीला टेकलेला असतो. माझी वॉरंटी गेली का?

उत्तर : सगळी वॉरंटी गेली असं होत नाही. पण ९२ तास झालेत आणि पहिलंच ऑइल अजून इंजिनात आहे, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बाकीचं उत्तर नंतर वाचा. आधी मीटरचा आणि चासी नंबरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि या आठवड्यात पहिली सर्व्हिस उरकून टाका. इथला डीलर मोफत करत नसेल तर मजुरीचे पैसे देऊन करा. पक्कं बिल घ्या, त्यावर तारीख आणि मीटरचे तास लिहून घ्या. भांडण पुढच्या महिन्यात करता येईल, ऑइल पुढच्या महिन्यात बदलून चालणार नाही.

एवढी घाई का, ते सांगतो. नव्या इंजिनात आणि गिअरमध्ये लोखंड लोखंडावर बसत असतं. पहिल्या सर्व्हिसला ऑइल सोडताना खालचा नट काढला की त्याच्या टोकाला चुंबक दिसतं, निदान बऱ्याच ट्रॅक्टरांना गिअरबॉक्सच्या नटाला तरी असतंच. त्या चुंबकावर काळी, काजळीसारखी मऊ पूड चिकटलेली असते. दोन बोटांत चोळून बघा, कणीदार लागत नाही, शाईसारखी पसरते. असं असेल तर काळजी नाही, ती बसणीची झीज असते. बोटाला खर लागली, कपची टोचली, तर आत काहीतरी चुकतंय. ही पूड बाहेर काढणं हेच पहिल्या सर्व्हिसचं मुख्य काम. त्याच वेळी टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) तपासतात, चाकांचे नट पुन्हा आवळतात, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचा मोकळा खेळ लावतात, फॅनचा पट्टा बघतात. बहुतेक ट्रॅक्टरांना ही सर्व्हिस ५० तासांना असते. तुमच्या पुस्तिकेत आकडा दिलेला आहे, तोच धरा.

आता इथला डीलर नाही का म्हणतो? त्याची बाजू मी आतून बघितली आहे, एकतीस वर्षं वर्कशॉपात काढली. कंपनी प्रत्येक डीलरला हद्द वाटून देते. तुमचं गाव त्याच्या हद्दीत. तुम्ही विजापूरहून गाडी आणलीत तेव्हा विक्रीवर सुटणारे पैसे विजापूरला गेले आणि मिस्त्री पाठवायचं काम मात्र याच्या गळ्यात पडलं. मोफत सर्व्हिसच्या कुपनाचे पैसे कंपनी देते, पण थोडे, आणि तेही दावा मंजूर झाल्यावर. त्याचा राग मला कळतो. पण तो राग शेतकऱ्यावर काढायचा त्याला अधिकार नाही. वॉरंटी विजापूरच्या दुकानाची नसते, कंपनीची असते. ती चासी नंबरला चिकटलेली असते, आणि कंपनीचा अधिकृत डीलर कंपनीच्या नावानंच दुकान मांडून बसलेला असतो.

‘आमच्याकडं नोंद होत नाही’ हे मी फार वेळा ऐकलंय. कुपन कोणी फाडायचं याला दुकानाची अट असते का, ते तुमच्या पुस्तिकेत वाचा. मी ज्या कंपन्यांचं काम केलं त्यांच्यात तरी कुपनावर ‘अधिकृत डीलर’ एवढंच असायचं. मात्र एक गोष्ट खरोखर अडू शकते, ती आधी तपासा. विजापूरच्या डीलरनं तुमच्या चासी नंबरची विक्री कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढवली आहे का, आणि कोणत्या तारखेची? महिनाअखेरीला टार्गेट भरायला काही डीलर गोडाऊनमधली गाडी कागदोपत्री आधीच विकलेली दाखवतात. मग गाडी तुम्ही दिवाळीत आणता आणि वॉरंटी गणपतीपासूनच सुरू झालेली असते. कंपनीचा टोल फ्री नंबर पुस्तिकेत असतो. फोन करा, चासी नंबर सांगा, विक्रीची तारीख विचारा. ती तुमच्या बिलाच्या तारखेशी जुळली नाही तर बिलाची प्रत लावून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. त्याच फोनवर सांगा की जवळचा डीलर सर्व्हिस नाकारतोय, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका.

मग त्या डीलरकडं पुन्हा जा, पण शोरूमच्या काचेच्या दारातनं आत जाऊ नका. मागं वर्कशॉपात जा. पुढच्या टेबलावर बसलेला माणूस विक्रीचा असतो, त्याच्या डोक्यात बावीस हजार असतात. मागं बसलेल्या माणसाच्या डोक्यात आज किती जॉब कार्ड (गाडीच्या कामाची नोंद) झाले एवढंच असतं. सकाळी नऊ-साडेनऊला, पेरणीची धांदल नसताना जा. बिल, आरसी, पुस्तिका आणि तक्रार क्रमांक बरोबर ठेवा. जॉब कार्ड करा म्हणा. तरीही नाही म्हणाले तर ‘नाही’ एवढंच कागदावर लिहून, शिक्का मारून द्या म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी जॉब कार्ड निघतं.

एक जुनी गोष्ट मनातनं जात नाही. मी एका डीलरकडं वर्कशॉप सांभाळत होतो. शेजारच्या जिल्ह्यातनं घेतलेला ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी पहिल्या सर्व्हिसला आला. मालकाचा हुकूम होता, बाहेरची गाडी घ्यायची नाही. मी त्याला परत पाठवला. चार महिन्यांनी तोच ट्रॅक्टर दुसऱ्या गाडीनं ओढत आणला. नट काढला तर ऑइल धारेनं पडेना, काकवीसारखं लोंबत आलं. क्रँकचे बेअरिंग गेले होते. वॉरंटीचा दावा मीच भरला आणि पहिली सर्व्हिस नाही म्हणून तो नाकारला गेला. त्या माणसानं इंजिनाचं काम कर्ज काढून केलं. त्या दिवशी मी मालकाशी भांडायला हवं होतं. म्हणून तुम्हाला एवढं तपशिलानं लिहितोय.

लिफ्टचं सांगतो. इंजिन बंद असताना रोटर हळूहळू खाली येतो आणि चालू असताना हात थरथरतात, म्हणजे वर ढकललेलं ऑइल आतल्या आत सुटतंय. नव्या ट्रॅक्टरात बहुतेक वेळा सिलिंडरमधलं रबरी सील कापलेलं असतं नाहीतर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. तुम्ही फक्त एवढं करा : ट्रॅक्टर सपाटीला उभा करा, रोटर खाली टेकवा, आणि पट्टी काढून हायड्रॉलिकचं ऑइल बघा. कमी असेल तर पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल घाला. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी चालवू नका. पण लिफ्टचं झाकण गावातल्या मिस्त्रीला उघडू देऊ नका, कितीही हुशार असला तरी. एकदा ते उघडलं की कंपनीचा माणूस झाकणाची पॅकिंग बघतो आणि हात झटकतो. लिफ्टची तक्रार जॉब कार्डावर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘लिफ्ट चेक’ एवढ्यावर सही करू नका.

आणि एवढं करूनही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. माल विजापूरला घेतला म्हणून खटला विजापूरला, ही भीती काढून टाका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगाकडंही तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी सांगली. तक्रारीत विकणारा डीलर आणि कंपनी दोघांनाही ओढा. ५ लाखांपर्यंत पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीसाठी, पोट भरण्यासाठी घेतलाय, हे वाक्य अर्जात न विसरता लिहा, नाहीतर समोरचा ‘हा धंद्याचा माल आहे’ म्हणून फाटा फोडतो.

डाळिंबाचा आंबे बहार धरणार असाल तर फवारणीचा ब्लोअर सुरू व्हायच्या आत हे सगळं उरका. फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस वर्कशॉपात ठेवणं तुम्हाला परवडणार नाही.

प्रश्न : आम्ही शहाद्याचे. सीमेपलीकडून, खेतिया भागातून दोन वर्षांचा जुना ट्रॅक्टर घेतला. मीटरवर ९०० तास आहेत. इथला डीलर म्हणतो, आरसी तुमच्या नावावर करा, मग बघू. माझे मिस्टर म्हणतात सर्व्हिसचा आणि नावाचा काय संबंध?

उत्तर : ताई, साध्या सर्व्हिसला संबंध नाही, पैसे देऊन कोणीही करून देईल. वॉरंटीच्या कामाला मात्र डीलर मालक कोण हे बघणारच, त्यात त्याचं चुकत नाही. तसंही नाव लावायला कायद्यानं ३० दिवसच दिलेले आहेत. मध्य प्रदेशातल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हवी, तो फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, त्याला फॉर्म २७. जुन्या मालकानं कर्ज काढलं असेल तर कर्ज फिटल्याचा, बँकेनं सही केलेला फॉर्म ३५ आधी हातात घ्या, राहिलेले पैसे मग द्या.

आणि ते ९०० तास. डीलरला चासी नंबर देऊन आधीच्या सर्व्हिसची नोंद काढायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसला मीटरचे तास लिहिलेले असतात. गेल्या वर्षीच्या नोंदीत १४०० असतील आणि आज ९०० दिसत असतील, तर मीटर बदललाय किंवा मागं फिरवलाय. क्लच पेडलचं रबरही बघा. ९०० तासांत ते इतकं गुळगुळीत होत नाही की खालचं लोखंड दिसावं.

प्रश्न : गावातल्या मिस्त्रीकडून ऑइल बदलून घेतलं तर वॉरंटी जाते का?

उत्तर : वॉरंटी चालू आहे तोवर ऑइल आणि फिल्टर अधिकृत ठिकाणीच बदला, कारण तासांचा पुरावा तिथंच तयार होतो. अडचणीत बाहेर बदलावंच लागलं तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं सीलबंद कॅन घ्या, बिल घ्या, आणि कॅनवरच्या बॅच नंबरचा फोटो मीटरच्या फोटोशेजारी ठेवा. सुटं ऑइल, ड्रममधनं मापानं दिलेलं, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.